एक गाव, अनेक नकाशे

आपल्या गावाचा नकाशा कोणाकडे असतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन 'तलाठ्याकडे' असे सांगतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. गाव नकाशाची मूळ प्रत भूमि अभिलेख खात्याकडे असते. वनखात्याचा नकाशा निराळा असतो. विहिरींच्या पाण्याचा आणि खडकाचा नकाशा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, पाटबंधाऱ्यांचा जलसंपदा खात्याकडे, रस्त्यांचा बांधकाम खात्याकडे व जिल्हा परिषदेकडे, तर विजेच्या खांबांचा वीज कंपनीकडे असतो. आमच्या कृषी खात्याकडे पाणलोटाचे, मातीचे आणि पिकांचे नकाशे असतात ते वेगळेच.

गाव एक आणि नकाशे अनेक, यात वावगे काही नाही. प्रत्येक खात्याचे काम निराळे, म्हणून नकाशाही निराळा. अडचण तेव्हा येते, जेव्हा हे नकाशे एकमेकांवर ठेवले असता जुळत नाहीत. एकाच्या मते जी भातखाचरे आहेत ते दुसऱ्याच्या मते जंगल असते. मग आपला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि पावसाळा येऊन जातो.

राज्यातील सर्व सरकारी खात्यांची नकाशांविषयीची माहिती एका सूत्रात कशी ओवावी, हा विषय वरवर मोठ्या साहेबांचा वाटतो. वास्तविक तो आपल्या बांधाचा विषय आहे. म्हणून तो डोळखांबच्या परिसराच्या उदाहरणाने समजून घेऊ.

डोळखांबची परिस्थिती

शहापूर तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी आपला हा भाग आहे. खाली भाताची खाचरे, वर नागली-वरीची वरकस जमीन, त्याच्या वर जंगल आणि मग कडा. दक्षिणेला मुरबाड तालुका लागतो. घाट चढून गेले की जिल्हाच बदलतो. जवळच चोंढे येथे घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण आहे. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याचे वरचे धरण घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात आणि खालचे ठाणे जिल्ह्यात. पाणी एकच, ते वर चढते आणि खाली उतरते. पण कागदपत्रे मात्र दोन जिल्ह्यांची.

याच तालुक्यात १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आहे, भातसा धरण आहे. मुंबईची तहान या पाण्यावर भागते. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाचा नकाशा अगदी बिनचूक असतो. पाड्यावरच्या आटणाऱ्या विहिरीची नोंद मात्र सगळ्याच नकाशांवर असते असे नाही. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी आराखडाही होत नाही.

नकाशे जुळत का नाहीत?

याचे मूळ इतिहासात आहे. भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ साली स्थापन झाले आणि १८०२ पासून मद्रासकडून देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ झाला. ती मोजणी डोंगर, नद्या, रस्ते आणि लष्कराच्या सोयीसाठी होती. आपल्या मुंबई इलाख्यात शेतजमिनीची मोजणी वेगळ्या हेतूने झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरातून ती सुरू केली. हेतू होता सारा ठरविण्याचा. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण हाच हिशेब तोंडी बोलतो.

सारा जिथून मिळायचा ती जमीन बारकाईने मोजली गेली. जंगल, डोंगर, पडीक यांची मोजणी ढोबळ राहिली. पुढे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा १९४७ चा कायदा आला. अनेक गावांत सर्व्हे नंबरचे गट झाले. घरोघरी वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर नावे बदलत गेली, पण नकाशावर पोटहिस्से प्रत्येक वेळी पडलेच असे नाही. अशा रीतीने कागद एक बोलू लागला, नकाशा दुसरे आणि बांध तिसरेच.

रेघेची जाडी

नकाशाचे प्रमाण म्हणजे काय, हे प्रत्येक शेतकरी घराने समजून घेण्यासारखे आहे. समजा, गाव नकाशात एक इंच म्हणजे आठ साखळ्या, म्हणजे २६४ फूट, असे प्रमाण आहे. त्यावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर जमिनीवर ती रेघ सुमारे दीड मीटर, म्हणजे पाच फूट रुंद होते. भांडण लागायला तेवढे पुरते, पण शेत जात नाही.

आता भारतीय सर्वेक्षण खात्याचा एक सेंटिमीटरला पाचशे मीटर प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावरची तीच अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. अशा नकाशावरची वनहद्द मोठी करून कोणी गाव नकाशावर बसवली, तर काय होईल? चाळीस आर क्षेत्राचा चौकोनी तुकडा साधारण ६३ मीटर लांब-रुंद असतो. त्याच्या एका बाजूने २५ मीटरची पट्टी गेली, तर जवळजवळ १६ आर जमीन नुसत्या रेघेखाली जाते. कोणी अतिक्रमण केले नाही, कोणी खोटे बोलले नाही. केवळ दोन प्रमाणांचे नकाशे न विचार करता एकत्र केले, एवढ्यानेच हे घडते.

म्हणून नकाशे एकत्र आणणे म्हणजे ते संगणकात एकावर एक ठेवणे नव्हे. प्रत्येक नकाशा कधी काढला, कोणत्या प्रमाणावर काढला आणि कोणत्या कामासाठी काढला, ही जन्मपत्रिका त्याच्याबरोबर राहिली पाहिजे.

एका विहिरीचा प्रवास

हा प्रश्न घरात कसा येतो ते पाहा. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांना नवीन विहिरीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून अनुदान मिळते. त्यासाठी किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. सातबारा आणि आठ-अ महसूल खात्याचा. पाणी उपलब्धतेचा दाखला भूजल यंत्रणेचा. जागाही प्रत्यक्ष पाहावी लागते. जमीन वनहद्दीला लागून असेल तर वनखात्याचा प्रश्न निघतो. पुढे पंपाला वीज हवी, म्हणजे वीज कंपनी आली.

या सर्व कागदांवर जागेची खूण एकच असते, ती म्हणजे गट नंबर. एका कागदावर जुना सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर गट नंबर, तिसऱ्यावर नुसते पाड्याचे नाव असले की प्रकरण अडते. रेघेखाली १६ आर गेलेल्या वरच्या शेतकऱ्याचे तर क्षेत्रच २४ आर भरेल आणि तो पात्रतेतूनच बाहेर पडेल. हातची विहीर अशी कागदावर आटते. उन्हाळी भाजीपाल्याचे उत्पन्न बुडते आणि दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा वीटभट्टीच्या वाटेला लागते. नकाशाच्या चुकीची किंमत आपल्याकडे अशी मोजावी लागते.

आजवर काय झाले?

राज्यात या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली. नागपूरला १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमि उपयोग नियोजन संस्था आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणलोट, जंगल, पडीक जमीन यांचे नकाशे तयार करणे हे या केंद्राचे काम. जलयुक्त शिवारच्या कामांचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह याच व्यवस्थेतून चढविले गेले.

सातबारा संगणकावर आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी प्रथम करून पाहण्यात आली. पुढे २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. आता अॅग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे अक्षांश-रेखांशांसह नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही, अशा तीन वह्या एकमेकींना जोडल्या जात आहेत. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला, तो याचाच भाग.

देशपातळीवर डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. परदेशांतही हा प्रश्न होताच. अमेरिकेत १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांच्या नकाशांचा मेळ घालण्यास सुरुवात झाली. युरोपातील देशांनी २००७ मध्ये त्यासाठी कायदा केला. त्यांचे सूत्र साधे आहे: माहिती एकदाच गोळा करावी, जो ती नीट सांभाळू शकेल त्याच्याकडेच ठेवावी आणि सर्वांनी ती वापरावी. आपल्या घरातही मिठाची बरणी एकच असते; प्रत्येक खोलीत निराळी ठेवली तर कोणती भरली आणि कोणती संपली हे कळत नाही.

जंगलाच्या कडेची जमीन

आपल्या भागात सर्वांत नाजूक जागा ही जंगलाच्या कडेची. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दळी कसत आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासींचा हक्क मान्य केला. नवरा-बायको दोघांच्या नावे पट्टा द्यावा, असे कायदाच सांगतो. हे आमच्या भगिनींनी पक्के लक्षात ठेवावे.

या दाव्यांत उपग्रहाचे चित्र पुढे येते. चित्रात हिरवे दिसले म्हणून ते जंगल, असे म्हणून चालत नाही. नागलीचे पीकही हिरवे दिसते आणि पाळीने पडीक ठेवलेल्या वरकसावर झुडपेही वाढतात. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत असे चित्र इतर पुराव्याला पूरक मानावे, त्याची जागा त्याने घेऊ नये, असे स्पष्ट केले आहे. गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब, जुनी दंडाची पावती, झाडे, बांध, विहीर हाही पुरावाच आहे.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे अनेक सातबाऱ्यांच्या इतर हक्कात वनाची नोंद आली. जुनी नोटीस नुसती निघाली एवढे पुरे नाही, अशा आशयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. ज्यांच्या उताऱ्यावर अशी नोंद असेल त्यांनी आपले कागद जाणत्या वकिलाला दाखवून घ्यावेत.

राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत गावे-शहरे ५ ते १० सेंटिमीटर इतक्या बारकाईने आणि जंगल व पडीक जमिनी ५० ते १०० सेंटिमीटरच्या बारकाईने मोजण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे जंगलाची मोजणी दहापट ढोबळ राहणार. घनदाट अरण्यात ते चालेल. पण जंगलाच्या कडेला, जिथे दळी आणि वनपट्टे आहेत, तिथे गावाइतकीच बारीक मोजणी व्हावयास हवी. राज्याच्या योजनेत हे कलम आवर्जून घातले पाहिजे.

राज्याची योजना कशी असावी?

सर्व खात्यांचा मिळून कार्यक्रम आखायचा तर माझ्या मते पुढील गोष्टी त्यात असाव्यात.

१. गावाचा आणि गटाचा एकच क्रमांक. नव्या सातबाऱ्यावर गावाचा सांकेतांक आणि गटाचा अकरा अंकी भू-आधार क्रमांक येऊ लागला आहे. वन, भूजल, वीज, कृषी या सर्वांच्या कागदावर हाच क्रमांक यावा.

२. प्रत्येक माहितीला एकच धनी. हद्दीची जबाबदारी भूमि अभिलेखची, पिकाची कृषीची, पाण्याची भूजलची. चूक झाली तर कोणाच्या दारी जायचे हे शेतकऱ्याला ठाऊक असावे.

३. पाड्यांची नोंद. महसुली गाव एक आणि त्याचे पाडे आठ-दहा, ही आपल्याकडची रीत. टँकर, रस्ता, अंगणवाडी, पर्जन्यमापक यांचा विचार महसुली गावावर किंवा मंडळावर थांबतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते. मग त्याला नकाशावर जागा का नसावी?

४. पाण्याची हद्द वेगळी धरावी. ओहळ शीव ओळखत नाही. पाणलोटाचा आराखडा शहापूर-मुरबाडच्या किंवा ठाणे-अहिल्यानगरच्या हद्दीवर तुटता कामा नये.

५. दुरुस्तीचे दार तालुक्यातच असावे. अर्जाची पोच मिळावी, निकालाची मुदत ठरावी आणि एका ठिकाणची दुरुस्ती आपोआप सर्व खात्यांकडे पोचावी.

६. जाहीर वाचन. नवा नकाशा पक्का करण्यापूर्वी तो ग्रामसभेत आणि पाड्यावर भिंतीला लावून समजावून सांगावा.

७. उघडे काय आणि झाकलेले काय, हे ठरवावे. पाणी, माती, रस्ता यांची माहिती सर्वांना खुली असावी. माणसाचा फोन नंबर, आधार क्रमांक, बँकेचे खाते यांना कुलूप असावे.

यांपैकी पाचवा आणि सहावा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज एका खात्याची चूक त्या खात्यापुरती राहते. सर्व नकाशे जोडले गेले की तीच चूक एका दिवसात सर्व खात्यांत पसरेल. अनुदान, विमा, कर्ज, संपादनाचा मोबदला, सगळीकडे एकच चुकीचे उत्तर मिळेल. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला. संपादनाच्या वेळी कोणाच्या गटातून किती आर जाते यावर लाखो रुपयांचा हिशेब ठरतो, हे आपण पाहिले आहे. जोडलेला नकाशा बरोबर असेल तर त्याच्यासारखी सोय नाही आणि चुकीचा असेल तर त्याच्यासारखा जाच नाही.

घरी काय करावे?

सरकारने काय करावे ते सांगितले. आता आपले काम.

पहिले, सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा हे तिन्ही कागद एका बैठकीत समोर ठेवून ताडून पाहा. नाव, क्षेत्र, पोटखराबा, विहीर, झाडे, इतर हक्क, सर्व वाचा. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर असतो.

दुसरे, वडील वारले असतील तर वारस नोंद विनाविलंब करा. त्यात आई, बहिणी, सुना ज्यांचा हक्क आहे त्यांची नावे वगळू नका. मयत माणसाच्या नावे शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही.

तिसरे, ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करा. ओट्यावर बसून काढलेल्या फोटोला घराचेच अक्षांश-रेखांश येतात. भाताबरोबर वरकसावरची नागली, वरी, खुरासणीही नोंदवा. नोंद नसेल तर नुकसान झाले तरी पीक होते हे दाखविणे कठीण जाते.

चौथे, हद्दीबद्दल शंका असल्यास उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी झाल्यावर 'क' प्रत मागून घ्या. शेजाऱ्याला नोटीस जातेच, तरी आधी स्वतः जाऊन सांगा. निम्मे भांडण तिथेच मिटते. हद्दीच्या निशाण्या जपणे ही कायद्याने जमीनधारकाचीच जबाबदारी आहे.

पाचवे, संगणकावर घेताना झालेली लेखनातील चूक दिसली, तर जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याच्या नकलेसह तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. जुना कागद फाटका असला तरी टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा.

सहावे, शिकलेल्या मुला-मुलींना या कामात घ्या. मोबाईलवर नकाशा मुले उघडतील. कोणता ओहळ कुठून वळला आणि बांध कोणी सरकवला हे आजोबाच सांगतील. दोघांनी मिळून पाड्याचा साधा नकाशा वहीच्या कागदावर काढावा: घरे, विहिरी, झरे, स्मशान, देवराई, पायवाटा, गुरांचे रान. सरकारी नकाशा पाड्यावर येईल त्या दिवशी ताडून पाहायला आपल्याजवळ काही तरी असले पाहिजे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा होते. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'गाव नकाशाचे वाचन' हा विषय घ्या, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे आठ दिवस आधी द्या. तलाठी, कृषी सहाय्यक आणि वनरक्षक या तिघांनाही आपापला नकाशा घेऊन येण्याची विनंती करा. तिन्ही नकाशे एका सतरंजीवर मांडा आणि कुठे जुळत नाही त्याची यादी करून ठरावाला जोडा. त्या ठरावाची एक प्रत तहसील कचेरीत आणि एक भूमि अभिलेख कार्यालयात देऊन दोन्हीकडची पोच घ्या.